माझ्या छातीचा रिपोर्ट नॉर्मल

...आन् परत तेच! रिपोर्ट नॉर्मल! तुमाला सांगतो राव, सहा म्हैनं झालं, हितं, डाव्या अंगाला, असं ठणकतंय की हसलं तरी कळ, शिंकलं तरी कळ... आन् वय किती माझं? चोवीस! आमची आई, साळुबाई, तिनं तर मनातल्या मनात माझं सगळं उरकूनच टाकलं व्हतं. पदर तोंडाला लावून म्हणायची, "गोरख, तुला काय झालं तर मी कुणाकडं बघू रं?" मलाबी लई भ्या वाटायचं, खोटं कशाला सांगू.

घोडेगावला ईसीजीची पट्टी काढली, नॉर्मल. मंचरला छातीचा फोटो काढला, नॉर्मल. मग यष्टीनं पुण्याला! तिथं पळत्या पट्ट्यावर उभं केलं, मी पळतोय, पळतोय, शेवटी तिथली बाईच म्हणली, दादा, बास आता. रिपोर्ट? नॉर्मल! आन् परत्येक डॉक्टर एकच इचारणार, छातीला मार लागलाय का? मी म्हणायचो, न्हाई. लागलाच न्हाई तर काय सांगू?

पण पुण्याच्या म्याडम चिवट. बरगडीवर बोट दाबलं, मी कोकलल्यावर म्हणल्या, "इथे रोज काय लागतं?"

"हितं व्हय? हितं आमचा हरण्या डोकं लावतो."

"हरण्या कोण?"

"बैल."

म्याडमनी पेन खाली ठेवला. आता त्यांना काय ठावं हरण्या कोण! शिनोलीपासनं लोणीपर्यंत कुणालाबी इचारा. जत्रंत शर्यतीचा गाडा जुपायचा तर दुसऱ्यांच्या बैलाला पाच-पाच गडी लागत्यात. आमचा हरण्या पाचांनाबी उडवतो, पण मी म्होरं उभा राह्यलो की माझ्या छातीला डोकं लावणार, तीनदा ढुसणी देणार, आन् गप जुवाखाली येणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देतोय व्हय! मग रोज सकाळी गोठ्यातबी तेच, नेमानं.

"अहो, मग मार लागलाय का विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"म्याडम, त्यो मार न्हाई. लाड हाय!"

निदान काय, तर काळीज झकास, बरगडीचा सांधा सुजलाय, तीन म्हैनं बैलाच्या म्होरं जायचं न्हाई. आन् जत्रा वीस दिसांवर!

तरी ऐकलं राव. चुलतभाऊ भगवंताला धाडला वैरण टाकाया, हरण्यानं त्याला उचलून गव्हाणीत टाकला. पयल्या दिशी हरण्यानं कडब्याला तोंड लावलं न्हाई. दुसऱ्या दिशी न्हाई. तिसऱ्या दिशी नुसता दाराकडं बघत उभा. माझी छाती तेवढी निवांत, पण माझ्याबी घशाखाली घास उतरंना. आन् चौथ्या दिशी आई आली... हीच, माझ्यासाठी रडणारी! म्हणती, "जा रं बाबा. मुकं जनावर उपाशी हाय."

ग्येलो. सदऱ्याची बटणं काढली, उभा राह्यलो. हरण्यानं डोकं लावलं, एक, दोन, तीन... कळ पार मस्तकात! आन् कडबा असा खाल्ला त्यानं, की आई दारात उभी राहून हसत व्हती.

जत्रंत गाडा पयला आला. गुलालात मी दिसतबी नव्हतो, नुसतं दात दिसत व्हतं!

परवा परत पुण्याला ग्येलो. म्याडमनी रिपोर्ट बघितला, नॉर्मल. माझ्याकडं बघितलं. "दुखतंय अजून?"

मी म्हणलं, "म्याडम, हरण्या पोटभर खातोय."