एक रूळ, दोन साडू

(छोट्या रेल्वेगाड्यांचं दुकान. भर दुपार. काउंटरवर तीन खोकी उघडून ठेवलेली. पलीकडे मालकीणबाई, अलीकडे दोन साडू, निवृत्त बसचालक भाऊजी आणि दातांचे डॉक्टर.)

डॉक्टर: नाही भाऊजी, परत ऐका. आत्ता आपल्याकडे काय होतं? तुम्ही त्या जुन्या कंट्रोलच्या डब्याचं बटण फिरवता, रुळात वीज जाते, आणि रुळावर जे इंजिन असेल ते पळतं. दोन असली तर दोन्ही पळतात.

भाऊजी: मग एक उचलून ठेवायचं. इतकी वर्षं तेच तर करतोय.

डॉक्टर: इतकी वर्षं तुम्ही चालवताय आणि मी उचलून ठेवतोय!

भाऊजी: तुझा हात हलका. म्हणून ते काम तुझ्याकडे.

बाई: या नव्या डिजिटल पद्धतीत उचलाउचली नाही. रुळात वीज कायम असते. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप बसवायची, तिला एक नंबर द्यायचा. तुम्ही तीन नंबरला हाक मारलीत की तीनच ऐकणार. बाकीची ढिम्म.

भाऊजी: आमच्या डेपोत उलटं होतं. एकाला हाक मारली की सगळे चहाला निघायचे.

बाई: सांगायचं काय, की तुम्ही दोघं दोन गाड्या चालवू शकाल. एकाच रुळावर, एकाच वेळी.

भाऊजी: आणि समोरासमोर आल्या तर?

बाई: तर आपटतील. ते यंत्राला कळत नाही. ते आपणच बघायचं.

भाऊजी: हं.

डॉक्टर: आता हे कंट्रोलरचे तीन प्रकार. मी सगळं वाचून आलोय. हा मोठा. याला पडदा आहे, ढीगभर बटणं आहेत, शेकड्यांनी इंजिनं सांभाळतो...

भाऊजी: आपल्याकडे किती आहेत?

डॉक्टर: तीन.

भाऊजी: त्यातलं एक लंगडं.

बाई: मोठा तर मीच देणार नाही. पहिल्यांदा घेताय. निम्मी बटणं कधी लागायची नाहीत, आणि उरलेली शिकताना वैतागून खोकं परत आणाल. पुढे वाटलं तर मोठा घेता येतो. चिप तीच चालते, वाया काही जात नाही.

डॉक्टर: मग हा दुसरा! छोटीशी पेटी रुळाला जोडायची, बाकी सगळं फोनवर. काचेवर बोट सरकवलं की गाडी सुरू. मी तर मनातल्या मनात घेऊनही टाकलाय.

भाऊजी: आणि तो तिसरा?

बाई: हा साधा. मुठीत मावतो, मधोमध गोल बटण, वायर रुळाला जोडलेल्या पेटीला. दुसऱ्या माणसासाठी असाच आणखी एक त्याच पेटीला जोडायचा.

भाऊजी: द्या बघू. वा! कडेला बारीक दाते आहेत. किती फिरवलं ते बोटाला कळतं.

डॉक्टर: दातांचं मला सांगू नका. भाऊजी, हे जुनं झालं आता.

भाऊजी: मग माझ्याशी पटेल त्याचं.

डॉक्टर: आधी फोनवालं चालवून तर बघा! बाई, ती खिडकीजवळची गाडी चालवू द्याल?

बाई: या ना. हा घ्या माझा फोन. ही निळी पट्टी वर सरकवली की गाडी निघते, खाली आणली की थांबते. एक फेरी मारा आणि प्लॅटफॉर्मला लावा.

भाऊजी: निळी पट्टी. ही?

बाई: ती शिट्टी.

भाऊजी: अरे, काय झकास वाजली! खऱ्यासारखी. मग ही?

बाई: तिनं दिवे लागले. जरा उजवीकडे. हां, आता निघाली.

डॉक्टर: मस्त. वळण आलं. आता कमी करा. भाऊजी, कमी करा. प्लॅटफॉर्म! अहो, गेला प्लॅटफॉर्म! थांबवा, थांबवा...

बाई: पडली. पडू दे, रोज एक पडते.

भाऊजी: या काचेला ना आगा ना पिछा. बोट कुठं आहे तेच कळत नाही.

डॉक्टर: बोटाकडे बघायचं!

भाऊजी: आणि गाडीकडे कोणी बघायचं? तुझ्या सासऱ्यांनी?

डॉक्टर: तुमचेही तेच सासरे आहेत.

बाई: भांडू नका. आधी खोक्यावर वाचा, तुमच्या फोनवर हे चालतं तरी का.

भाऊजी: तू वाच रे डॉक्टर. माझा चष्मा घरी राहिला.

बाई: चष्मा तर नाकावर आहे तुमच्या!

भाऊजी: हा... हा लांबचा आहे.

डॉक्टर: लांबचा आहे, तर प्लॅटफॉर्म कसा चुकला?

भाऊजी: बाई, ते गोल बटणवालं लावा बरं एकदा.

बाई: गाडी रुळावर ठेवली, हे लावलं. चालवा.

भाऊजी: आता कोणी बोलायचं नाही. हं. वळणावर चाकं घासतायत, ऐकलंत? आता सुटली. आता रुळाचा सांधा, टक. आता हळू. हळू. थांबली का बरोबर?

बाई: अगदी प्लॅटफॉर्मच्या मधोमध! मलासुद्धा असं जमत नाही.

डॉक्टर: भाऊजी, तुम्ही विचारलंत, "थांबली का बरोबर?"

भाऊजी: विचारलं. मग?

डॉक्टर: गाडी तुमच्या नाकासमोर आहे. आणि डोळे मिटले होते तुमचे.

भाऊजी: मिटले काय नि उघडले काय.

बाई: मी... आत जाऊन जास्तीची वायर शोधते.

डॉक्टर: कधीपासून चाललंय हे?

भाऊजी: झाले बरेच दिवस. मधोमध डाग आलाय. जिथं बघावं तिथं माझ्या आधी तो जाऊन बसतो. कडेचं दिसतं. तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. तसं फार नुकसान नाही.

डॉक्टर: चेष्टा पुरे. कोणाला दाखवलंत?

भाऊजी: दाखवलं. डोळ्यात सुई टोचतात. आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू म्हणाले. गेलेलं काही परत येत नाही.

डॉक्टर: म्हणून हल्ली मोटार मला चालवायला देता! मला वाटलं, माझ्या ड्रायव्हिंगवर विश्वास बसला तुमचा.

भाऊजी: तुझं ड्रायव्हिंग न दिसलेलंच बरं.

डॉक्टर: घरी ताईंना माहीत आहे?

भाऊजी: बटण छान आहे हे.

डॉक्टर: भाऊजी!

भाऊजी: अरे, जन्मभर भरलेली बस चालवली मी. माझ्या भरवशावर माणसं मागे घोरत पडायची. आता तिला काय सांगू? दूध ओतताना कप सापडत नाही म्हणून? तुझ्या गच्चीवर, आपल्या रुळाच्या खोलीत आलो की निदान तो डबा तरी हातात असतो. तोही फोनमध्ये गेला, तर मी तिथं बसून करू काय? तुझ्या गाड्यांना टाळ्या वाजवू?

डॉक्टर: मग मघापासून तसं म्हणायचं होतं ना! मी आपला काचेचं कौतुक करत सुटलोय.

भाऊजी: तू एवढा खुशीत होतास. म्हटलं, कशाला विरजण घाला.

डॉक्टर: बाई! वायर सापडली का?

बाई: केव्हाच. येऊ का?

डॉक्टर: या. हे गोल बटणवालं द्या. दोन नग. एक यांना, एक मला.

भाऊजी: तुला फोनवालं हवं होतं.

डॉक्टर: ते मी मनातल्या मनात परत केलं. बाई, मघाची ती शिट्टी इंजिनातूनच वाजली ना?

बाई: हो, आवाजाची चिप असते. वाफेच्या इंजिनाला वाफेचा आवाज, डिझेलला डिझेलचा. वेग वाढला की आवाजही चढतो. फक्त तिच्याबरोबर छोटा स्पीकर बसवावा लागतो. तुमच्या जुन्या इंजिनांत जागा करावी लागेल.

डॉक्टर: माणसाच्या दाढेत जागा करतो, इंजिनात नाही करणार? तिन्ही गाड्यांना आवाज द्या. प्रत्येकीचा वेगळा. म्हणजे कुठली कुठं आहे ते...

भाऊजी: ते मला कळेल. लंगडीचं तर आत्तासुद्धा कळतं.

डॉक्टर: झालं तर मग.

भाऊजी: अरे, पण रूळ एकच आहे. समोरून तू यायचास आणि मी आपटायचो.

डॉक्टर: आपटू की. मी काय, नुसता उचलायलाच होतो आजवर. आता आपटायलाही मिळेल.

बाई: पिशवीत घालू?

डॉक्टर: घाला. भाऊजी, पण एक आहे. ताईंना आज सांगायचं. माझ्याकडून कळलं तर आपली दोघांचीही धडगत नाही.

भाऊजी: संध्याकाळी सांगतो.

डॉक्टर: तुमची संध्याकाळ मला ठाऊक आहे. आत्ता सांगा. मी फोन लावतो.

भाऊजी: इथं? दुकानात?

बाई: मी पुन्हा वायर शोधायला जाते.

डॉक्टर: वाजतोय. धरा.

भाऊजी: हॅलो. हो, मीच. हो, घेतलं. नाही गं, भांडलो नाही. काय करतेस? बरं. गॅस जरा बारीक कर आणि बस बघू.