प्रॉम्प्टरची रेघ

कमळा : खोटं निघालं तं जीभ झडो माही! या खाटेवरच्या बुढ्याची शपथ घेऊन सांगते पोरी, शबुद न् शबुद खरा हाय. वडसा गावच्या नाटकात, भर तंबूत, वाघ येऊन पुढच्या सतरंजीवर बसला!

(चंद्रपूरच्या एका दवाखान्यातली खोली, दुपार. खाटेवर लटारू. डोळे उघडे, नजर छताला, डोक्याभोवती तारांचा पट्टा. उशाशी बायको कमळा आणि मुलगा प्रफुल; मशीनच्या पडद्यापाशी तपासणी करणारी दिव्यानी.)

प्रफुल : माय, पुरे कर आता. खाली गाडीवाला हॉर्न मारून राह्यला.

दिव्यानी : एक मिनिट, प्रफुलभाऊ. पडद्यावर रेघ उडाली आत्ता.

प्रफुल : मॅडम, सकाळपासून या पट्ट्यातून बाबाच्या डोक्यातल्या लहरी पाहून राह्यल्या तुमी. टेपवर काय काय ऐकवलं. "मी भाकरीला शाई लावून खातो." तवा उडाली का?

दिव्यानी : नाही. उडायला हवी होती. वाक्य चुकलं की ऐकणाऱ्याचा मेंदू दचकतो.

प्रफुल : मंग? डोक्यातली नस फुटली तवापासून याले काही समजतच नाई, असं डॉक्टर म्हनते. आज मशीनवर दिसलं तं इलाज, नाई तं घरी न्या. झालं ना आता?

कमळा : घरी नेऊन काय करशीन? भिताडाकडे तोंड करून निजवशीन?

प्रफुल : मले का बाप नको हाय, माय? कूस मी बदलतो, नळी मी धुतो. रोज त्याच्या डोळ्यात पाह्यतो. आत कोनी नाई.

कमळा : हाय! त्या टेपवरच्या बाईचं बोलनं ऐकून झोपला असंन. नाटकात कोनी असं पुस्तकी बोललं का हा खड्ड्यातच घोरे.

दिव्यानी : खड्ड्यात?

कमळा : प्रॉम्प्टर होता ना व! स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून नटाईले वाक्य देये. कोनी एक शबुद चुकला का खालून दुरुस्त करे. घरी बी तेच. मी वाघ म्हनलं का हा म्हने, कुत्रा होता.

दिव्यानी : अरे देवा. ती वाक्यं मीच लिहिली, आजी. जन्मले इथं, चंद्रपुरात, अन् लिहिली अशी की घरात कोणी तसं बोलतच नाही. ती गोष्ट परत सांगा. जशी नेहमी सांगता तशीच.

प्रफुल : मॅडम, तिच्या गोष्टीवर इलाज करता का आता?

दिव्यानी : नुसती पापणी हलली तरी रेघ उडते, भाऊ. पुन्हा पुन्हा त्याच जागी उडाली, तरच मी मानेन. सांगा, आजी. हळूहळू.

कमळा : ऐक रे बुढ्या. थंडीचे दिवस होते.

दिव्यानी : शांत आहे.

कमळा : तंबूत पाय ठेवाले जागा नव्हती.

दिव्यानी : शांत.

कमळा : अन् वाघ आला.

दिव्यानी : उडाली.

प्रफुल : पापणी हलली असंन.

दिव्यानी : मी पाहत होते. नाही हलली. पुन्हा, आजी.

कमळा : बिबट आला.

दिव्यानी : उडाली.

कमळा : अस्वल आलं, अन् त्यानं टाळी बी वाजवली!

दिव्यानी : केवढी उडाली!

कमळा : बरं बाप्पा. कुत्रा आला.

दिव्यानी : ...शांत. एकदम शांत.

प्रफुल : सरक माय. मी बोलतो. बाबा... वाघ होता.

दिव्यानी : उडाली, भाऊ. भाऊ, बसा तुम्ही. पाणी घ्या.

प्रफुल : रोज त्याच्यापुढंच मी म्हनत होतो, आत कोनी नाई म्हून. ऐकत असंन का तो?

कमळा : ऐकत असंन तं मनातल्या मनात दुरुस्त बी करत असंन.

दिव्यानी : डॉक्टरांना बोलावते मी. एवढ्यानं सगळं सिद्ध होत नाही, पुन्हा नीट तपासावं लागेल. पण आज यांना घरी नेऊ नका.

प्रफुल : गाडीवाल्याले सांगतो, जाय म्हून.

कमळा : जाशीन रे. गोष्ट तं पुरी होऊ दे. मंग वाघ उठून गेला, पडदा पडला, अन् यानं खड्ड्यातून मान वर करून मले इचारलं, माह्यासंग लगन करतं का?

दिव्यानी : आजी... इथंही उडाली.

प्रफुल : इथी? हे तं खरं हाय, मॅडम. साऱ्या गावाले मालूम हाय. बाबानं हे कधीच खोडलं नाई.

दिव्यानी : परत म्हणा बरं, आजी.

कमळा : यानं मले इचारलं...

दिव्यानी : उडाली.

प्रफुल : माय?

कमळा : हे पाय, वाघ होता. त्याची शपथ आताबी घेते. पन लगनाचं... ते मी इचारलं होतं त्याले. खड्ड्यात वाकून. चारचौघात तेवढं एकच त्यानं कधी दुरुस्त नाई केलं.