हातवाऱ्यांचा महाभियोग

...आणि वर मलाच विचारतात, 'सेन्योरा नेलिदा, तुम्हाला त्या दिवशी झालं तरी काय होतं?' काय होणार? सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, तुम्हाला सांगते, एका बाईने दोन हातांवर अख्खा महाभियोग ओढला. टीव्हीवर खाली कोपऱ्यात चौकट असते ना, काळा ब्लाउज घालून हातवारे करणारी बाई, बहिऱ्या लोकांसाठी... ती मी. अख्ख्या लिमात रोज दिसते आणि समोरच्या बेकरीवाल्याला अजून ओळखू येत नाही.

नियम असा की दुभाषे दोन. वीस मिनिटं एकाने, वीस दुसऱ्याने. त्या दिवशी माझी जोडीदारीण पाठ धरून घरी, तर आमचे निर्माते ओसोरेस म्हणाले, 'दोन तासांचा तर मामला, सेन्योरा. सत्त्याऐंशी मतं विरोधकांच्या खिशात आहेत.' एकशे तीसपैकी सत्त्याऐंशी लागतात राष्ट्राध्यक्षांना घरी पाठवायला. खिशात होती तर काढायची की बाहेर... पण नाही. आधी राष्ट्राध्यक्षांचे वकील उठले, त्यांना एक तास. मग प्रत्येक पक्षाला आपापली मिनिटं, आणि प्रत्येकाला तेच म्हणायचं, की राष्ट्राध्यक्षांना 'कायमची नैतिक असमर्थता' आलेली आहे. घटनेत एवढंच लिहिलंय, अर्थ दिलेला नाही, आणि ज्याचा अर्थ दिलेला नाही त्यावर माणूस किती बोलू शकतो हे मला विचारा.

वकील चष्मा पुसत, अगदी बारीक आवाजात: 'असमर्थता म्हणजे, सन्माननीय सदस्यहो, मुळात वेड. घटनाकारांचा हेतू वैद्यकीय होता.' तिकडून जाड मिशांचे एक विरोधी सदस्य, बसल्या जागेवरून: 'मग डॉक्टर बोलवा ना, आम्ही कुठे नको म्हणतो?' सभागृहात हशा. हशाचीही खूण असते हो, ती मी केली, पण कोणाकडे बघून? समोर एक कॅमेरा आणि भिंत. हात माझे, बोलणं दुसऱ्याचं.

पहिल्या तासाला मी 'कायमची नैतिक असमर्थता' चार खुणांत करत होते. नेहमीसाठी, मग छातीवर हात, मग सरळ रेघ, मग तळवे पालथे, सगळं रीतसर. तिसऱ्या तासाला दोन खुणा उरल्या. पाचव्या तासाला नुसतं माशी हाकलल्यासारखं. कोणीतरी थंडगार पाव आणून ठेवला, पण खाणार कशाने? हात राष्ट्राध्यक्षांच्या कामात.

आणि सातव्या तासाला ते मिशीवाले पुन्हा उठले. चौथ्यांदा. आणि माझ्या मनात, काय सांगू तुम्हाला, एकदम विल्बर आला.

विल्बर माझा धाकटा भाऊ. चार वर्षांचा असताना तापात त्याचे कान गेले. खुणा मी त्याच्याकडूनच शिकले, जेवताना टेबलाखाली आम्ही आईची नक्कल करायचो. मोठेपणी दवाखाना असो, बँक असो, मुलीला मागणी घालणं असो, त्याच्या शेजारी मी. त्याचं बोलणं लोकांना सांगायचं, लोकांचं त्याला... आणि थोडं मऊ करून सांगायचं, बहीणच मी. आई आजारी पडली तेव्हा डॉक्टर म्हणाले, 'आठवडाभर काढतील.' विल्बरने माझ्याकडे बघितलं. मी खुणेने सांगितलं, 'बरी होईल.' तो निर्धास्तपणे चिंबोतेला कामावर परत गेला, आणि आई चौथ्या दिवशी गेली. मातीला आला तेव्हा एकच खूण करून गेला, 'तू बदललंस.' त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून पत्र नाही, मेसेज नाही. दिवसभर देशाशी बोलते, तुम्हाला सांगते, आणि घरी मीठ संपलंय हे सांगायला माणूस नाही.

तर मिशीवाले बोलत होते, आणि माझे हात बोलले: 'विल्बर, जेवलास का? मी तुला खोटं सांगितलं. माझं चुकलं. रविवारी घरी ये, काउसा करते.' चाळीस सेकंद. स्टुडिओत कोणाला खुणा येतात? कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मग मी गुपचूप परत असमर्थतेवर आले. एक्याण्णव मतांनी राष्ट्राध्यक्ष गेले.

दुसऱ्या दिवशी ओसोरेसांच्या हातात पत्र. लिमातल्या बहिऱ्यांच्या एका मंडळाचं. 'विरोधी सदस्यांनी आपण खोटं बोललो अशी भर सभागृहात कबुली दिली आणि राष्ट्राध्यक्षांना जेवायला बोलावलं, हे पाहून आम्ही भारावलो. मग मतदान विरोधात का केलं? तसंच, राष्ट्राध्यक्षांचं नाव विल्बर असल्याचं आम्हाला माहीत नव्हतं.'

ओसोरेस पत्राकडे बघतात, माझ्याकडे बघतात. 'सेन्योरा, हे काय आहे?'

'माझ्या घरचं आहे,' म्हटलं.

ओरडले नाहीत. म्हणाले, 'महिनाभर फक्त हवामान करा.' पाऊसच न पडणाऱ्या लिमाचं हवामान. एकच खूण, ढगाळ.

रविवारी काउसा केला. दोन ताटं मांडली. बटाटा, चिकन, वर ऑलिव्ह, अगदी आईसारखं. दोन वाजले, तीन वाजले. साडेतीनला फोन थरथरला, आणि नाव विल्बरचं. तीन वर्षांनी. हात पुसून उघडलं, तर एकच ओळ: 'तो मिशीवाला खरं काय म्हणाला?'

बघा. माफीबद्दल चकार शब्द नाही. आणि मला तरी कुठे आठवत होतं? सोमवारी जाऊन रेकॉर्डिंग काढलं, कान देऊन ऐकलं, तीनदा ऐकलं. मग स्वयंपाकघरात फोन बरणीला टेकवून उभा केला, काळा ब्लाउज घातला, आणि एक शब्द इकडचा तिकडे न करता हातांनी सांगितलं: 'सन्माननीय सदस्य म्हणाले, सभागृहात फार गारठा आहे, कोणीतरी ती डावीकडची खिडकी लावा, आणि हे माझ्या वेळेतून कापू नका.' चाळीस सेकंद तेवढंच. मऊ केलं नाही, माझ्या पदरचं काही घातलं नाही. पाठवून दिलं.

दोन तासांनी उत्तर आलं. एक अंगठा.

नुसता अंगठा. आता तो 'पोचलं' आहे, की 'बरोबर सांगितलंस' आहे, की 'माफ केलं', की 'बास झालं'... चोवीस वर्षं खुणांची दुभाषी आहे मी, आणि तुम्हाला सांगते, रोज फोन काढून बघते, त्या अंगठ्याचा अर्थ काही लागत नाही.