लेकीचं गाणं

कानाच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक नवरा-बायको नंबराची वाट बघत होते.

"कान तपासून काय होणार आहे? वर्षभर कॉम्प्युटरवर लेकीचं एकच गाणं घासत बसलायत."

"अगं, आवाज आपल्या लेकीचा वाटतच नाही. माझ्या कॉम्प्युटरला कुणीतरी हात लावलाय."

"माझ्याकडे कशाला बघताय?"

"घरात तिसरं कोण आहे? परवा फ्रिज तूच चालू केलास ना?"

"दूध नासत होतं! त्याची घरघर तुम्हाला गाणं ऐकताना आड येते म्हणून काय घरदार बंद ठेवायचं?"

"आणि स्वयंपाक करताना कानात काय घालतेस? मी आलो की पटकन काढतेस."

"आधी सांगा, गाण्यातून तुम्ही काय काय काढलंत?"

"खरखर. खुर्चीची करकर. दोन ओळींमधले तिचे श्वास. फार मोठ्याने घेते गं ती."

"लहानपणापासून तशीच घेते. धावत आल्यासारखी."

"दोष आहे तो."

"आणि वर म्हणताय, लेकीचा आवाज वाटत नाही! गाणं कधी देणार, हे विचारायचंही सोडलंय तिने. कळलं का?"

"...तू काय ऐकतेस ते सांग."

"पहिल्या दिवशी गायली होती ना, तेच. तुमचा हात लागायच्या आधी मी फोनमध्ये घेऊन ठेवलं."

"म्हणजे माझा संशय खरा होता! दे इकडे."

"एक कान तुम्हाला, एक मला. फोन मात्र माझ्याच हातात राहील."

"का?"

"साफ कराल."