गिलक्यांची भजी

नेपानगरच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोन मैत्रिणी बसल्या होत्या.

"रजनी, योगिताला पाहायला पाहुणे आले, तेव्हा काय केलंस ग?"

"गिलक्यांची भजी! डोईफोडियाच्या शेतावरून दर आठवड्याला टोपली येते ना, त्यात जे पिकलं तेच येतं. पनीर आणायला टाइमच नाही भेटला."

"बाप रे! मग?"

"मुलगा ताट चाटून म्हणे, अजून आहेत का?"

"म्हणजे पसंत!"

"त्याला पसंत. आमची पोरगी म्हणे, आधी गिलके चिरून दाखव."

"अगं बाई! चिरले त्याने?"

"आज आलाय ना. दोघं चिरत बसलेत, मी निघाले तेव्हा हसणं गल्लीपर्यंत ऐकू येत होतं."

"आणि तू नेपानगरला कशाला चालली?"

"काहीच काम नाही ग! उगाच तिकीट काढलं."