अकरा काळी पिल्लं

"हॅलो?… हॅलो, पुसद?… पंचायत समिती?… वामनराव, मी रामधन. ग्रामसेवक… हो, फुलसावंगीच्या पोस्टातून बोलून राह्यलो."

रामधननं तिसऱ्यांदा नाव सांगितलं आणि पायानं स्टूल ओढलं. शेजारी बंजारा तांड्यावरची सुखीबाई टोपली धरून उभी. तिला सगळा तांडा 'याडी' म्हणे, आई. टोपलीत समितीनं वाटलेली कोंबडीची पिल्लं होती. घरी एकटी सोडायला तिचा जीव होत नव्हता.

"हो, हो… उद्या साहेब पिल्लं मोजाले येनार, ठाऊक हाय… पंचवीस देल्ले होते, अकरा उरले… रोग नाही हो. शिक्रा… पक्षी हाय, ससाण्यासारखा… घार नाही! घार वरतं घिरट्या घालते, दिसते तरी. हा याडीच्या दारच्या लिंबात दडून बसते अन् जमिनीलगत येते… बंदूक कायले? वावरातले उंदीर त्यानंच संपवले. सरडे, नाकतोडे, सारंच खाते. पन लिंबावर त्याचं बी घरटं हाय. नर दिवसभर आनते, मादी फाडून भरवते. अन् आपन पांढरे पिल्लं वाटले. काळ्या मातीत ते कोसावरून दिसते… गावरान एक नाही नेलं… तेच सांगतो, ऐका न! याडीनं इलाज केला. तव्याची काजळी तेलात खलली अन् अकराही पिल्लाइले चोपडली."

रामधननं फोन हातभर लांब धरला. पुसदचा आवाज टोपलीपर्यंत पोचला. पिल्लं गप्प झाली.

"झालं?… योजना पांढऱ्या पिल्लाइची हाय, कबूल… पन पंधरा दिवसांत एक नाही गेलं… सरकारी म्हनून ओळखू येत नाही, तेच तर पाह्यजे होतं!… काय? काळे दिसले त सारे परत नेनार?"

सुखीबाईनं टोपली पोटाशी ओढली.

"नका हो, वामनराव… बरं. धुतो. सकाळीच धुतो… पन साहेब अकरा वाजता येनार न? शिक्रा बी त्याच वख्ती येते. मोजता मोजता कमी होतीन… साहेबाची खुर्ची? लिंबाखाली?… दुसरी सावली नाही, खरं हाय. पन घरट्याखाली कोनी बसलं का तो डोक्श्यावर झपटते. परवा तांड्यावरच्या देवसिंगचा फेटा खाली पाडला… हो, पांढराच होता… मले एक सांगा. साहेब टोपी घालते न?… खादीची… हो, परीटघडीची… मंग साहेबाले म्हना, उद्याच्या दिवस… हॅलो?… वामनराव?… हॅलो?"

लाइन गेली होती. रामधननं दोनदा खटका दाबून पाहिला, फोन ठेवला आणि टोपलीतल्या एका काळ्या पिल्लावरून बोट फिरवून पाहिलं.

"याडी, काजळी उरली का थोडी?… नाही, पिल्लाइले नाही. एका टोपीपुरती."