वाळूची गोणी

थेम्सकाठच्या मैदानावर जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचा मेळा भरला होता. चहाच्या रांगेत विनीच्या पुढे दोन म्हातारे उभे होते, क्लाइव्ह आणि रेज. दोघंही गावातल्या बंद पडलेल्या मोटार कारखान्यातले. विनीने कान टवकारले.

“रेज, कारखाना बंद पडला नसता ना, तर आपली दोन सीटची गाडी आजही जगभर पळाली असती. सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं असतं आपण. जपानी गाड्या मागे धूळ खात राहिल्या असत्या.”

“असेल.”

“असेल काय? आणि मी कॅनडाला गेलोच नसतो. इथेच नव्या गाड्या रस्त्यावर पळवून बघत राहिलो असतो.”

“आणि शेजारच्या सीटवर कोण बसलं असतं, क्लाइव्ह?”

“कोण बसणार? वाळूची गोणी. चाचणीला वजन म्हणून ठेवायचा नियमच होता.”

“त्या गोण्या मीच भरायचो. तुझ्या गाडीची गोणी कायम फाटकामागे पडलेली असायची. आणि सीटची कव्हरं शिवणारी ग्लेनिस नेमकी तेव्हाच जागेवर नसायची.”

“अरे बाबा, इतकी वर्षं तुझी बायको आहे ती!”

“तू कॅनडाला गेलास म्हणून.”

“काहीतरीच तुझं! कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा तूही रडलास ना आमच्यासारखा? मीच माझा रुमाल दिला होता तुला.”

“दिला होतास. परत घेताना नीट बघितलास का? कोरडा ठणठणीत होता.”